पातीच्या डाव्या टोकाला

आमच्या वस्तीवरचं कुणी गोल्फचं म्युझियम पाहायला गेलेलं नाय, आणि जाईल असंही मला वाटत नाय. मीसुद्धा गेलो नसतो. काम पडलं म्हणून गेलो. गेलोच होतो तर नीट बघून आलो. चावडीवर चार जणं विचारतात, तिथं काय असतं रे किसन? दर वेळी सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून काढलं. चौथीपर्यंत शिकलोय, तेवढ्यात जमेल तसं.

काम असं होतं. गिरजा, माझी बायको, तिला जाऊन गुरुवारी वर्ष व्हायचं होतं. घरात तिचा धड फोटो नव्हता. आमच्या लग्नात फोटो काढायची पद्धत नव्हती, पुढं कधी सुचलं नाय. आधार कार्डावरचा होता, तो मोठा करून आणला पोरानं. तो पाहून सून म्हणली, आत्याबाई अशा नव्हत्या दिसत. मीही म्हणलं, ही तर पोलिसानं धरून नेलेली बाई वाटते. तो फोटो धान्याच्या कोठीमागं ठेवून दिला.

मग आमची लेक सखू, तिला पडेगावात दिलीय, तिचा फोन आला. तिला बाजारात इस्माईलभाई भेटला होता. तो पूर्वी गोल्फच्या मैदानावर साहेब लोकांच्या पिशव्या वाहायचा. आता तिथंच गोल्फवाल्यांच्या मंडळानं मोठं ऑफिस आणि म्युझियम काढलंय, त्याच्या दारावर बसतो. त्यानं सांगितलं, भिंतीवर एक जुना फोटो लावलाय, त्यात भाभी है.

एवढं ऐकल्यावर मी धोतर बदललं.

सोमवार, घाट उतरून

खुलताबादहून गाडी धरली. हा घाट मी मेंढरं घेऊन किती वेळा उतरलोय. पहाटं निघालं तर किल्ल्याच्या पायथ्याला दुपार व्हायची. आता तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत घाट संपला. दौलताबादच्या दरवाज्यापाशी बायका सीताफळाच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. गाडीतल्या बाईनं खिडकीतून भाव विचारला, आणि ठरायच्या आत गाडी सुटली. सगळं घाईचं काम. पूर्वी तिथं टेकून अर्धं फळ खाऊन बघायचं, मग बोलायचं.

पडेगावला उतरलो. रिक्षावाल्याला म्हणलं, गोल्फला ने. तो म्हणला, "बसा बाबा, हिरवं मैदानच ना?" त्यानं नेऊन सोडलं ते एका जाळी लावलेल्या आवारात. आत तरणी पोरं क्रिकेट खेळत होती. खाली हिरवंगार गवत. मी वाकून हात लावला तर प्लास्टिक. मेंढरानं तोंड लावलं तर जीभ सोलून निघंल. तसं मी तिथल्या पोरांना सांगितलं. एक पोरगं म्हणलं, "आजोबा, इथं मेंढरं सोडायची नसतात." मी म्हणलं, "मला दिसतंय ते. म्हणूनच तुमची कीव येती."

मग चालतच गेलो. रस्ता पायाला ठाऊक होता. सात वर्षं आम्ही ह्या माळाच्या कडेला खोपट घालून राहिलो होतो. मी मेंढरं चारायचो आणि गिरजा गोल्फच्या मैदानावर खुरपायला जायची. खोपटाच्या जागी आता तीन मजली घर आहे.

म्युझियमपाशी पोचलो, तर दाराला कुलूप. इस्माईलभाई बाहेर स्टुलावर बसला होता. दाढी पांढरी झालीय, डोळे तेच. मला बघून उठला, हात धरला.

मग म्हणला, "किसनभाऊ, सोमवार को बंद रहता. फोन तो करना था."

"म्हशीला सुट्टी नाय, शेताला सुट्टी नाय, भिंतीवरच्या फोटूला कशाला सुट्टी?"

"मैं क्या बोलूं. चाबी मॅडम के पास है. कल आव."

त्यानं डबा उघडला. खिचडी आणि खट्टा. खट्टा म्हणजे तीळ आणि चिंचेचं पातळ, आंबटढाण. आमच्याकडं खिचडीवर तेल घेतात, ही माणसं आंबट घेतात. पूर्वी गिरजाची भाकरी आणि त्याचा खट्टा अशी अदलाबदल चालायची. त्यानं मला चमचा दिला आणि स्वतः हातानं जेवला. "भाभी के हात का ठेचा," एवढं म्हणला आणि थांबला. मी म्हणलं, जेव गपगुमान.

रात्र सखूकडं काढली.

मंगळवार, म्युझियमच्या खोल्या

दहाला उघडलं. किल्ली घेऊन जी मॅडम आली ती आमच्या नातीएवढी. नाव कांचन. जीन घातली होती, पण बोलायला गोड. चपला काढायला लागलो तर म्हणली, "राहू द्या आजोबा, इथं चालतात." मी काढल्याच. एवढी चकचकीत फरशी, तिच्यावर शेण नेऊ कसं?

मला सरळ फोटोकडं जायचं होतं. पण ती म्हणली, तो शेवटच्या खोलीत आहे, वाटेतलं बघत बघत जाऊ. मनात आलं, बाई, एक वर्ष थांबलो, अजून चार खोल्या थांबतो.

पहिल्या खोलीत विलायतेतल्या डोंगराचं चित्र. ओलं गवत, खडक, आणि चित्रात मेंढरं. मी थबकलो. मॅडम सांगायला लागली, की हा खेळ कुणी काढला ते पक्कं ठाऊक नाय, पण तिकडं असं सांगतात की मेंढपाळांनी काढला. मेंढरं चरायला सोडून बसायचे, मग वेळ जाईना, तर काठीच्या आकड्यानं गोटे मारायचे. सशाच्या बिळात कुणाचा गोटा जातो ते बघायचे.

"म्हंजी धनगरांनी?"

"हो, तिकडचे धनगरच म्हणा."

"इस्माईल, ऐकलंस? आन इथं माझी मेंढरं मैदानात शिरली की साहेब शिट्ट्या वाजवीत पळत यायचे. खेळ आमचा आन आम्हालाच हाकलत व्हते."

मॅडम हसली. तिला मी तो किस्सा सांगितला. एकदा माझी दोन वीसा मेंढरं त्यांच्या झेंड्याच्या जागेवर गेली. ती जागा म्हणजे त्यांचा देव्हाराच. बारीक कापलेलं, पाणी घातलेलं गवत. मेंढरांनी घटकाभरात साफ केलं. साहेब तांबडा होऊन ओरडला, कोणाची मेंढरं ही? गिरजा तिथंच खुरपत होती. ती म्हणली, "काय माहीत साहेब, असंल कुण्या येड्याची." आणि खुरपं उगारून तिनंच मेंढरं माझ्या अंगावर हाकलली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणली, येड्या, उद्या ओढ्याच्या पल्याड चार.

दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत चेंडू. जुन्या काळी कातड्याचा चेंडू शिवून त्यात पिसं ठासायचे. एका चेंडूला टोपीभर पिसं लागायची म्हणे. ते खरं असावं. लोकर उशीत भरताना किती मावते ते मला माहीत आहे. शेजारी काठ्या टांगलेल्या, लाकडी, मग लोखंडी. खाली तोंड वाकडं, चापट. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. एकच काठी उलट्या तोंडाची.

"ही डावखुऱ्यांची," मॅडम म्हणली. "डावखुऱ्यांना वेगळी बनवून घ्यावी लागते. पूर्वी इकडं मिळायची नाही, लांबून मागवायचे."

मी त्या काठीपाशी जरा थांबलो. गिरजा डावखुरी होती. तिचं खुरपं लोहाराकडून आलं की ती धार उलट्या अंगाला लावून घ्यायची. दुसऱ्या बाईनं चुकून उचललं तर तिच्या हातात ते चालायचंच नाय. तिला कुणी काही मागवून दिलं नाय. मी तर नायच नाय.

हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहितो. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं मला डाव्या हातानं भाकर वाढली. मी ताट सरकवलं. म्हणलं, मेलेल्याला वाढतेस का? त्यानंतर तिनं आयुष्यभर मला उजव्या हातानं वाढलं. सुरुवातीला आमटी सांडायची. मी त्याच्यावरही बोलायचो. शेतात, मैदानात तिचा डावा हात आणि चुलीपाशी उजवा. शेवटच्या वर्षात तिचं अंग वारं जाऊन पडलं, आणि पडलं ते उजवं. मी भरवायला गेलो तर तिनं घास माझ्या हातातून काढून डाव्या हातात घेतला, खाल्ला आणि माझ्याकडं पाहून म्हणली, "आता चालंल ना?" मी काही बोललो नाय. बोलायला पाहिजे होतं.

तिसरी खोली मोठी. तिथं मंडळाच्या बैठका होतात. लांबलचक टेबल, भिंतीवर अध्यक्षांची नावं सोनेरी अक्षरात, कपाटात चांदीचे पेले. आमच्या जत्रेत कुस्तीला गदा देतात तसे हे पेले. पण गदा पैलवान घरी नेतो. हे म्हणे जिंकणाऱ्याकडून परत आणून कपाटात ठेवतात. मला ते पटलं नाय. जिंकलं तर नेऊ द्यावं.

तिथंच कोपऱ्यात एक वस्तू लई आवडली. गवत कापायचं जुनं यंत्र, बैल जुंपायचं, आणि शेजारी बैलाला घालायचे कातड्याचे बूट. चार. गवतावर खुर उमटू नयेत म्हणून. मी खाली बसून बोट घालून पाहिलं. आत अस्तरही होतं. बैलाला बूट आणि खुरपणाऱ्या बाया अनवाणी. बायांचे पाय उमटत नसतील, हलके म्हणून.

शेवटची खोली

दारातून डावीकडं पहिलाच फोटो. मोठा, काळा-पांढरा, दोन हातभर. खाली पाटी, मॅडमनं वाचली: "हिरवळीची निगा राखताना कामगार महिला."

फोटोत आठ बाया पात धरून, म्हणजे एका ओळीत खुरपत बसलेल्या, आपल्याकडं पाठ करून. समोर मैदान, लांब एक साहेब काठी उगारून उभा, त्याच्यामागं पिशवी धरलेला इस्माईल, काडीसारखा. त्याच्या पाठीमागं किल्ल्याचा डोंगर. आणि पातीच्या उजव्या टोकाची बाई तेवढी मान वळवून, पदराखालून, फोटो काढणाऱ्याकडं बघत होती. हसू दाबत.

इस्माईल बोटानं दाखवत म्हणला, "देखो. भाभी."

मी जवळ गेलो. चष्मा पुसला. नाक तिचंच वाटलं. ओठ तिचेच. पण चेहरा काहीतरी परका होता. तिच्या डाव्या गालावर मोठा तीळ होता, ह्या बाईच्या उजव्या गालावर. आणि हातातलं खुरपं उजव्या हातात.

"ही नव्हं," मी म्हणलं.

"क्या बोलते? मैं वहीं खडा था."

"माझी बायको डावखुरी व्हती. ती पातीच्या डाव्या टोकालाच बसायची. मधी बसली तर शेजारणीच्या हाताला हात लागायचा. ही उजव्या टोकाला बसलीय, उजव्या हातानं खुरपतीय. तीळबी तिकडं. असंल कुणी तिच्यासारखी."

"किसनभाऊ, आंखें कमजोर हो गईं तुम्हारी."

"डोळं कमजोर झालं तरी हात कळतो. पंचेचाळीस वर्षं त्या हातावर बोललोय मी."

मॅडम पाटी पुन्हा वाचायला लागली. तिला वाईट वाटलं असावं. मला इस्माईलचा राग आला, मग माझा. दोन दिवस घालवून दुसऱ्याची बायको बघायला आलो. घरी जाऊन सुनेला काय सांगू? कोठीमागचा पोलिसातला फोटोच लाव म्हणू?

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. समोर मैदान. गवत आता पूर्वीपेक्षा हिरवं आहे, पाण्याची नळी फिरत होती. तंबाखू काढली. सवयीनं डोंगराकडं पाहिलं. धनगर बसला की आधी डोंगर बघतो, ढग कुठून येतात ते. डावीकडं किल्ला, माथा टोपीसारखा. त्याच्या उजव्या अंगाला खुलताबादकडचं लांब पठार, खाटेसारखं. आयुष्यभर तसंच आहे.

तंबाखू हातातच राहिली.

मी आत गेलो. फोटोत किल्ला उजवीकडं होता, आणि पठार त्याच्या डाव्या अंगाला.

"मॅडम, हा फोटू कुठून काढला?"

"इथूनच. ह्याच ओट्यावरून. रिळाच्या पाकिटावर लिहिलं होतं."

"मग डोंगर इकडचा तिकडं कसा गेला? तुमचा फोटू उलटा हाय."

ती म्हणली, "उलटा कसा, आजोबा? सगळे सरळ तर बसलेत."

"खालीवर न्हाई. आरशातल्यावानी. चला भाईर."

तिला हाताला धरून ओट्यावर आणलं, डोंगर दाखवला. पुन्हा आत आणलं. ती फोटोपुढं उभी राहिली आणि सावकाश मोजत गेली. आठातल्या सात बाया डाव्या हातानं खुरपत होत्या. एका पातीत सात डावखुऱ्या कुणी पाहिल्यात? पदर तर आठहीजणींचे उजव्या खांद्यावरून. लांबचा साहेब काठी उलट्या बाजूनं उगारून.

इस्माईल कपाळावर हात मारून म्हणला, "वो साहब लेफ्टी नहीं था. पांच साल उनकी थैली उठाया मैं. और रोज इस फोटो के सामने झाडू मारता."

मॅडमनं तोंडावर हात ठेवला. म्हणली, "रिळाची फिल्म स्कॅन करताना उलटी ठेवली असणार. मीच केलं होतं ते. गोल्फचे केवढे जाणकार येऊन बघून गेले, आजोबा. कुणी बोललं नाही."

"ते साहेबाकडं बघत असतील," मी म्हणलं.

तिच्या ऑफिसात नेलं. कॉम्प्युटरवर तोच फोटो काढला. म्हणली, "एक बटण दाबते. बघा हं." मी चष्मा नीट केला. इस्माईल माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा.

तिनं बटण दाबलं, आणि किल्ला उडी मारून आपल्या जागी गेला. पठार आपल्या जागी. सात बाया उजव्या हाताच्या झाल्या. पातीच्या डाव्या टोकाला, डाव्या हातात खुरपं, डाव्या गालावर तीळ, गिरजा मान वळवून माझ्याकडं बघत होती.

मला खुर्ची दिली कुणीतरी.

 मग मला जे वाटलं ते मी बोलून टाकलं. म्हणलं, "पोरी, तुमच्या भिंतीवर ती उजव्या हाताची झाली व्हती. मी जन्मभर तेच मागत व्हतो तिच्याकडं. तुम्ही ते फुकट करून दिलं, आन मला ती वळखूच आली नाय."

मॅडम उठली. छापायच्या यंत्रात कागद घातले. एक मोठा फोटो माझ्यासाठी, पूर्ण पातीचा, आणि एक नुसत्या चेहऱ्याचा. भिंतीवरचा मोठा बदलायला चार दिवस लागतील म्हणली. पाटीवर नाव घालायला मंडळाची परवानगी लागते, पण ती मागते. "काय लिहू, आजोबा?"

आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाय. 'सखूची आय' म्हणायचो. तरी सांगितलं. "गिरजा लिवा. गिरजा किसन. आन पुढं डावखुरी लिवा. त्याबिगर लिवू नका."

तिनं ते कागदावर लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं.

निघताना इस्माईल फाटकापर्यंत आला. मी म्हणलं, "तुझंच खरं निघालं की रे."

"मेरा कहां? मैं तो थोबडा देखके बोला. तुम हात देखके बोले." मग म्हणला, "गुरुवार को आऊंगा. खट्टा लाऊं?"

"आण. तिला आवडायचा."

गुरुवार, घरी

सुनेनं चेहऱ्याचा फोटो पाटावर मांडला, हार घातला. ह्या खेपेला तिनं डोक्यावर पदर घेतला आणि फोटोच्या पाया पडली. सखू आली, इस्माईल खट्ट्याचा डबा घेऊन आला, भावकी आली. पुढं ताट मांडलं. भाकरी, आमटी, भात, ठेचा, वाटीत खट्टा. पाण्याचा तांब्या सुनेनं रीतीप्रमाणं तिच्या उजव्या हाताला ठेवला.

मी वाकलो, तांब्या उचलला आणि ताटाच्या दुसऱ्या अंगाला, तिच्या डाव्या हाताशी ठेवला.

थोरला चुलता म्हणला, "किसन, तसं नसतं रं."

मी म्हणलं, "तिचं तसंच हाय."